उतार नसलेलं पाणी

“ते वायर राहू दे, योगराज. बाकीचे काढून पाह्य.”

दुधराम कापगते खाटेवरून तिसऱ्यांदा हे म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी भिंतीवरच्या स्विचमध्ये गुंतलो होतो. आठ तोंडांचा स्विच, म्हणजे नेटच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी, पाच तोंडांत वायरी, आणि पाचही दिवे एकाच दमात लुकलुकत होते. नेट धड चालत असतं तेव्हा हे दिवे आपापल्या सवडीने मिचमिचतात. सगळे एकदम पेटले-विझले की समजावं, आतली माहिती गोल गोल फिरते आहे आणि तिला बाहेरची वाट सापडत नाही. त्याला आमच्या धंद्यात लूप म्हणतात. ते दिवे बघत बसलं की डोळ्यांवर झापड येते, माझ्यासारख्या जेवून आलेल्या माणसाच्या तर हमखास.

केशोरीतल्या या घरात माणसं दोन आणि पांढरे राउटर तीन. ते एकमेकांना हवेतूनच सिग्नल देतात. ते आणि हा स्विच पुण्याच्या मोहितने, म्हणजे काकांच्या मुलाने, बसवलेले. सगळा खटाटोप एका चित्रासाठी, गावच्या तलावावरच्या कॅमेऱ्यातून टीव्हीवर येणाऱ्या.

दुधरामकाका चाळीस वर्षं गावाचे पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांनी ठरवायचं आणि गावाने ऐकायचं. मग गुडघे गेले. आता जमुनाकाकू तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाते, पाणी सोडायचं दार, ज्याला तुडूम म्हणतात, ते उचलते आणि मिटते. काका घरी टीव्हीवर बघतात आणि फोनवर सांगतात, “आखीन एक वीत उचल.” पाणकर खरा कोण, हे गावाने विचारायचं सोडून दिलंय.

आठ दिवस झाले, चित्र बंद. मागच्या महिन्यात तुडुमाच्या पायरीवर काकूचा पाय घसरला होता, तेव्हापासून मोहितचं एकच म्हणणं. दिसत असेल तरच आईने जायचं; नाहीतर रविवारी गाडी घेऊन येतो, दोघंही पुण्याला चला. आज शुक्रवार होता. काकू तरीही रोज जात होती, कारण उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू होती आणि ती कोणाच्या मुलासाठी थांबत नाही.

मी वायरी एकेक करून काढल्या. चार काढून पुन्हा लावल्या, दिवे तसेच. पाचवीला हात घातला.

“योगराज—”

काढली. दिवे शांत झाले.

खोलीत एकदम सामसूम झाल्यासारखं वाटलं, खरं तर त्या दिव्यांना आवाज नसतोच. मी वायरीच्या मागे मागे गेलो. ती भिंतीच्या कडेने, खिळ्याखिळ्याला जुन्या लुगड्याच्या काठाने बांधत नेलेली, मागच्या खोलीतल्या राउटरमध्ये जाऊन घुसली होती. आता पुण्याचा इंजिनिअर वायर लुगड्याच्या काठाने बांधेल काय? त्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडकीतून तलावाकडचा मऊ उजेड येत होता आणि नावेत बसल्या जागी डुलावं तसं मला क्षणभर झालं.

परत आलो तर काका छताकडे बघत होते.

“चित्र अटकून अटकून ये,” ते म्हणाले. “म्हटलं, एका पाटानं पानी पुरत नाही, त दुसरा काढून देवा. जिंदगीभर तेच केलो न मी. एक पाट बुजला, त दुसऱ्यानं पानी जाते. याच्यात का बिघडलं, सांग?”

मी मोठ्याने हसणार होतो. हसलो नाही, ते बरं झालं.

“काकाजी, पानी उताराकडं जाते. याले उतारच नाही. मांगच्या डब्याले हवेतून एक पाट होताच. तुमी दुसरा जोडला, त पानी इकडून गेलं, तिकडून आलं, परत इकडून गेलं. फिरूनच राहिलं आठ रोज.”

“उतारच नाही?”

“नाही जी.”

उताराशिवाय वाहणारी गोष्ट त्यांना चाळीस वर्षांत भेटलेली नसणार. मग हळूच म्हणाले, “मोहितले सांगशील? बाप वायरीले हात लावते म्हनलं, त तो रविवारची वाट नाही पाह्यचा.”

मी लॅपटॉप काढला आणि स्विचच्या आत शिरलो. लूप ओळखून जादाची वाट बंद ठेवायची सोय त्या स्विचमध्ये होती. बसवणाऱ्याने ती बंद करून ठेवली होती. मी ती चालू केली आणि काकांची वायर पुन्हा होती तिथे लावली.

“अरे, काऊन लावून राहिला?”

“तुमचा पाट बरोबर आहे, काकाजी. फक्त त्याले तुडूम नव्हतं. आता बसवलं. पहिला फुटला, त हे आपोआप उघडन.”

त्यांचा विश्वास बसेना. म्हणून मी पुढच्या राउटरची मुख्य वायर उपसली. टीव्हीवर नुकतं आलेलं चित्र थिजलं. काका उठून बसले. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग तलाव हलला.

तेवढ्यात मोहितचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

“योगराजभाऊ आहेत ना तिथं? काय झालं होतं नेटला?”

“स्विचमध्ये एक सेटिंग बंद होती. चालू केली,” मी म्हणालो. खोटं काय त्यात?

“सेटिंग? ती तर मीच... बरं, बरं. आई दिसते का आता?”

टीव्हीवर पिवळसर ऊन होतं. दूर उथळ पाण्यात सारसाची जोडी उभी होती. काकू तुडुमाच्या पायऱ्या चढून सावकाश वर आली. पदराला हात पुसले. मग कॅमेऱ्याच्या खांबाकडे वळून तिने हात वर केला आणि क्षणभर तसाच ठेवला.

“दिसून राहिली,” काका म्हणाले. मोहितने, बरं, रविवारचं मग बघू, म्हणत फोन ठेवला. काकांनी लगेच काकूला लावला.

“जमुना, हात काऊन वर केला? चित्र आलं, हे कोनं सांगलं तुले?”

“आलं का?” काकूचा आवाज वाऱ्यात तुटत होता. “मले का माहीत! मी त रोजच करतो.”

“आठ रोज?”

“त का झालं. पाहून राहिले असाल म्हनून.”

काकांनी फोन खाली ठेवला, बंद न करताच. टीव्हीवर काकू पाळीवरून घराकडे निघाली होती. काकांनी हळूच आपला हात वर केला, आणि ती चित्राबाहेर जाईपर्यंत खाली घेतला नाही. मी भिंतीकडे तोंड करून लुगड्याच्या काठाची एक सैल गाठ पुन्हा घट्ट बांधत बसलो.