हार देणाऱ्याचा

"आये, हे वव."

अमृतनं पोतं टपरीपुढं उपडं केलं. आतून चपला पडल्या. तुटक्या अंगठ्यांच्या, टाचा झिजलेल्या, उकिरड्यावरून उचललेल्या. एक घरंगळत शेवंतीच्या पाटीला लागली. छबूबाईनं ती दोन बोटांनी उचलून रस्त्यावर टाकली आणि पोराकडं बघितलं.

"काय हाय ह्ये?"

"हार करायचा. गोरख्यासाठी. पोलीस त्याला आनत्यात आता बाजारातनं, पायी. झटकन वव. दाभन हाय ना तुझ्याकडं?"

"पोलीस आनत्यात ते तुला कोन बोललं?"

"ग्रुपवर आलंय की. ठान्यातनंच सोडलाय मेसेज."

ग्रुप अमृतचाच. काल-परवापर्यंत त्याचं नाव 'गोरक्षभाऊ रायडर फॅन क्लब' होतं. गोरक्षला अटक झाली त्या संध्याकाळी अमृतनं ते बदलून 'आपलं गाव' केलं. माणसं तीच, फोटो तेवढा काढला.

गोरक्ष कबड्डीचा खेळाडू. ऊसतोड्याचं पोर. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की हा शाळेच्या मैदानावर झोपायचा. तिथून मोठ्या शहराच्या संघात गेला, टीव्हीवर दिसायला लागला आणि गावाला अचानक आठवलं की हा आपला आहे. गेल्या हंगामात तो घरी आला तेव्हा क्रेनला टांगून हार घातला होता. तो हार छबूबाईनं ओवला होता. झेंडूचा, मांडीएवढा जाड. हार गळ्यात पडला आणि गडी वाकला. म्हणाला, "मावशे, लई जड झालाय गं. मान मोडंल." ती हसली होती. जीपपुढं अमृत शर्ट काढून नाचत होता.

आता गोरक्षनं ढाब्यावर एका फौजदाराला मारलं होतं. गाडी लावण्यावरून बाचाबाची. फौजदार साध्या कपड्यात, बायकापोरं घेऊन मटण खायला आले होते. कलम लागलं, शासकीय कामात अडथळा. मटण खाणं शासकीय काम कधीपासून झालं, हे गावात एकानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. गोरक्ष भिंतीला टेकून हात जोडतोय, आवाज फाटलेला. "मी चुकलो. पोलीस आमचे बाप हायत." गावानं तो हसणाऱ्या तोंडांची चित्रं लावून पुढं ढकलला. माज उतरला म्हणाले. तंगडी मोडली असती तर अजून बरं झालं असतं, असंही म्हणाले. म्हणणाऱ्यात शाळेचे क्रीडाशिक्षक होते. त्यांच्या कपाटात गोरक्षबरोबरचा फोटो आहे, काचेत.

"मी न्हाई ववत," छबूबाई म्हणाली.

"का?"

"फुलावर हात चालतो माजा."

"आये, समद्यांना सांगून बसलोय मी. आमची आई ववती म्हणून. इज्जतीचा सवाल हाय."

"कुनाच्या?"

तेवढ्यात हनुमंत आला. हनुमंत म्हणजे तालुक्याचे पुढारी भाऊ, त्यांचा माणूस. भाऊंचे फ्लेक्स, भाऊंची क्रेन, भाऊंच्या मनात काय आहे ते भाऊंच्या आधी याला कळतं. क्रेनही यानंच आणली होती. मागं पंधरा-वीस पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाईल.

"काय मावशे, उशीर का? गिऱ्हाईक खोळंबलंय."

पोरं खिदळली.

"हनुमंतदादा, ती न्हाई म्हनती," अमृत खाली बघत म्हणाला.

"न्हाई म्हनती?" हनुमंत टपरीच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. "मावशे, ही टपरी रस्त्यात येती, म्हाईत हाय ना? गेल्या टायमाला जेसीबी आला तवा आपन सांगितलं, म्हातारीची टपरी सोडा. आठवतंय?"

"आठवतंय की."

"मग? गावाचं काम हाय. गावात ऱ्हायचं तर गावासंगं ऱ्हावं."

छबूबाईनं हातातला गुलछडीचा सर पाण्याच्या बादलीत सोडला. हात पदराला पुसले. अमृत तिच्याकडं बघत नव्हता. लहानपणी भाकरी चोरली की असाच दुसरीकडं बघायचा.

"ववते," ती म्हणाली. "पर ही उकिरड्यावरची न्हाई."

"का गं, ह्याला काय झालं?"

"हारात पडल्यालं फूल घालत न्हाईत. भुईवरनं उचलल्यालं देवाला चालत न्हाई, नवऱ्याला चालत न्हाई, मढ्याला सुदीक चालत न्हाई. हार देनाऱ्याचा असतो. तुमी देनार ना? मग तुमच्या पायातली काढा."

पोरांनी आपापल्या पायांकडं बघितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. "मावशी लई बेक्कार हाय राव!" हनुमंतलाही ते आवडलं. ताजी, पायातली, गावानं स्वतःच्या पायातून काढून दिलेली चप्पल. रीलला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? त्यानं स्वतःची कोल्हापुरी काढून टपरीवर आपटली.

"काढा रे! जो काढनार न्हाई तो गोरख्याच्या पार्टीचा."

झालं. मग कोण थांबतंय? पोरांनी काढल्या. चहावाल्यानं काढल्या. मेडिकलवाला दुकानातून खाली उतरून देऊन गेला. क्रीडाशिक्षकांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मग सँडलचे पट्टे सोडले. अमृतनं सगळ्यांत शेवटी काढल्या. पांढऱ्या, जाड तळव्याच्या, दिवाळीला हौसेनं घेतलेल्या. आईच्या हातात देताना म्हणाला, "जपून. भोक मोठं पाडू नको."

"न्हाई पाडत."

एप्रिलचं ऊन. डांबर वितळायला आलेलं. गाव एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत टपरीच्या सावलीत शिरायला बघत होतं, आणि सावली होती हातभर. छबूबाईनं दाभणात सुतळी घातली. पट्ट्यातून, अंगठ्यातून एकेक चप्पल ओवत गेली. सावकाश. लग्नाच्या हाराला लावते तेवढाच वेळ लावला. जोडी तुटू दिली नाही.

"आटप गं आये. पाय भाजत्यात."

"हार हाय बाबा. गडबड करून कसं चालंल."

चौकीच्या बाजूनं ओरडा आला. "आला, आला!"

पोलिसांच्या कागदात याचं नाव होतं घटनास्थळ पंचनामा. ढाबा खर्ड्याच्या रस्त्याला, बाजार त्याच्या उलट्या अंगाला. तरी पंचनामा बाजारातून निघाला होता, बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळेला. पुढं दोन शिपाई, मागं चार, बाजूला तेच फौजदार. ओठाला टाका, डोळ्यावर काळा चष्मा, आज कडक इस्त्रीच्या वर्दीत. मधे गोरक्ष. कमरेला दोर. अनवाणी. मिशी अर्धी भादरलेली.

तो चालत नव्हता, तळवे वाचवत होता. टाच टेकली की तोंड वाकडं व्हायचं, मग चवड्यावर जायचा, तिथंही टेकवत नव्हतं. ज्या पायांना हात लागू न देता तो सात जणांतून परत यायचा, ते पाय सुजून पावासारखे झाले होते. ते नुसत्या चालण्यानं होत नाही, हे तिथल्या प्रत्येक माणसाला कळत होतं. कळत होतं म्हणूनच शिट्ट्या वाजत होत्या.

"कबड्डी कबड्डी कबड्डी!" कुणीतरी सूर लावला. सगळ्यांनी उचलला.

"गोरख्या, घे की रेड!"

"बोनस घे, बोनस!"

फौजदार हसले. त्यांनी दोर थोडा ढिला सोडला, लोकांना नीट दिसावं म्हणून.

गोरक्षनं मान वर केली. टपरी दिसली. छबूबाई दिसली. तिच्या मांडीवर काय आहे ते दिसलं. त्यानं नजर काढून घेतली नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत राहिला आणि त्यानं मान किंचित वाकवली. क्रेनखाली वाकवली होती तशी.

"आये, दे!" अमृत.

"थांब, गाठ—"

"ऱ्हाऊदे गाठ! गेला तो पुढं!"

"बग बाबा. तूच म्हनतोस." तिनं हात वर केले. हार सोडला.

शेवटची गाठ तिनं मारलेली नव्हती. आयुष्यभर हार ओवणारी बाई गाठ विसरत नसते.

अमृत हार दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पळाला. मागं हनुमंत, मागं मोबाईल. पोलिसांच्या कड्यात शिरून त्यानं हार उंच उचलला, आणि सुतळीचं मोकळं टोक सुटलं. चपला एकामागून एक ओघळल्या. गोरक्षच्या पायांशी पडल्या, शिपायाच्या डोक्यावर पडल्या, आणि एक जाड कोल्हापुरी फौजदारांच्या टाक्यावर बसली. चष्मा उडाला.

गाव पुढं धावलं. कशाला? आपापली चप्पल घ्यायला. दुसरं काही नाही. पण अनवाणी माणसांचा लोंढा ओरडत अंगावर येतोय आणि वरून चपला पडतायत, एवढंच पोलिसांना दिसलं.

"मारा रे ह्यांला!" फौजदार तोंड धरून ओरडले.

मग लाठ्या. पळायला पायात काही नाही, खाली तापलेलं डांबर, खडी, फुटलेल्या बाटल्या. मेडिकलवाला स्वतःच्या शटरवर आपटला. क्रीडाशिक्षक गटारीत गेले. हनुमंत "मी भाऊंचा मानूस, भाऊंचा मानूस" म्हणत मार खात होता. अमृतच्या पाठीवर काठी बसलेली छबूबाईनं बघितली. दुसरी बसलेली बघितली. ती टपरीतून उठली, पाटीला अडखळली, शेवंती रस्त्यावर सांडली. तोवर तो लंगडत गल्लीत गेला होता. तिकडं दोन शिपायांनी गोरक्षला उचलून गाडीत कोंबलं. धिंड अर्ध्या बाजारातच संपली.

रस्ता मोकळा झाला. तिनं चपला गोळा केल्या, पाणी मारून पुसल्या आणि टपरीपुढं जोडीजोडीनं मांडल्या.

दुपारी एक शिपाई आला. "कुनाच्या हायत गं ह्या? सायबावर चपला फेकल्यात. गुन्हा दाखल हाय."

"गावाच्या हायत."

"नावं सांग."

"आता कोन नाव सांगतंय साहेब? मला समदे पायानं वळखू येत्यात, नावानं कोन न्हाई."

शिपायानं चपलांकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं आणि तो चहा प्यायला गेला.

न्यायला कुणी आलं नाही. चप्पल उचलली की आपण तिथं होतो हे कबूल झालं. लोक समोरून जायचे, डोळ्याच्या कोपऱ्यातून आपली जोडी बघायचे आणि अनवाणी पुढं जायचे. क्रीडाशिक्षकांनी संध्याकाळपर्यंत नवे सँडल घेतले, अगदी तसेच.

आणि ग्रुपचं नाव पुन्हा बदललं. 'पोलिसी अत्याचार विरोधी कृती समिती'. गोरक्षचे तळवे फोडले तेव्हा तो कायदा होता. गावाच्या ढुंगणावर वळ उठले तेव्हा अत्याचार झाला. कालपर्यंत 'बाप हायत'वर हसणारे आज 'खेळाडूवर अन्याय' म्हणून निषेधाचे फ्लेक्स लावायला निघाले. गोरक्षचा फोटो असलेला जुना फ्लेक्स सापडला. तो फेकला नव्हता, उलटा ठेवला होता.

दोन दिवसांनी त्याला जामीन झाला. सकाळीच हनुमंत आला, हाताला पट्टी.

"मावशे, क्रेन सांगितलीय. मोठा हार पायजे. मागच्यापेक्षा मोठा."

"फुलं न्हाईत."

"ही काय मग? पाट्या भरल्यात की."

"तिरडीची हायत. सांगितल्याली हायत."

"कोन मेलंय?"

छबूबाईनं त्याच्या पायांकडं बघितलं. मग समोरच्या रांगेतल्या त्याच्या कोल्हापुरीकडं बघितलं. हनुमंत खाकरला. "टपरीचं बगतो तुझ्या," म्हणाला आणि गेला.

क्रेन स्टँडवर उभी राहिली. हार जामखेडहून आणला. गोरक्ष तिथं गेलाच नाही. तो आडरस्त्यानं आला, एकटा, भिंती धरत. पायात अजून काही नव्हतं. टपरीपुढं थांबला.

"मावशे, कुनाच्या गं ह्या?"

"तुझ्यासाठीच काढल्या हुत्या."

तो खाली बसला. "एक घेऊ का? घरापतूर जायाला."

छबूबाईनं रांगेवरून हात फिरवला आणि पांढरी, जाड तळव्याची जोडी उचलली. डावी कशीबशी बसली. उजवा पाय आत जाईना. तिनं फुलांची कात्री घेतली आणि नव्या पट्ट्याला मधोमध छाट दिली. पाय गेला.

"खेळता यील का रे?"

"डागदर बोलला, बगू." त्यानं पाय हलवून बघितला. "'बगू' म्हंजी न्हाईच म्हनायचं."

तो उठला आणि फरफटत वळणापर्यंत गेला. स्टँडवर ढोल वाजत होते. क्रेनचा हार रिकाम्या रस्त्यावर लोंबत होता.

संध्याकाळी ती घरी गेली. अमृत पालथा पडला होता, पाठीवर हळदीचा लेप. तोंड भिंतीकडं.

"आये," तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "माजी चप्पल घावली का गं?"

"घावली."

"मग आनली का न्हाई?"

छबूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"गेली," ती म्हणाली. "चालत गेली."