तुकड्या-तुकड्याने धुतलेले धोतर

मित्रांनो, लंगोट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पैलवान उभा राहतो. त्याला आधी खाली बसवा. मी त्याचा नाही. मी बाळाचा लंगोट आहे. जुना, तिकोनी, नाडीचा. माझ्या अंगावर जे पिवळट डाग दिसतात, त्यांचा इतिहास विचारू नका. चांगल्या घरात तो विचारत नाहीत.

माझा जन्म बेंगळूरला, चामराजपेटेत झाला. त्याआधी मी धोतर होतो, सूर्यकांतरावांचे. सूर्यकांतरावांचे पूर्वज कुठल्याशा मोहिमेबरोबर घोड्यावरून इथवर आले आणि हवा आवडली म्हणून परत जायचे विसरले, असे ते स्वतःच सांगत. घोडे गेले, मोहीम गेली, मराठी तेवढी घरात राहिली. सांबारात भाज्या पडाव्यात तसे तिच्यात कन्नड शब्द पडत गेले.

धोतर असताना मी सरकारी कचेरीत पुष्कळ वर्षे बसून काढली. सूर्यकांतरावांबरोबर निवृत्त झालो आणि विणीविणीतून मऊ पडलो. या मऊपणानेच माझे नशीब ठरवले. त्यांच्या सुनेला, आसावरीला, मुलगी झाली. बारशापर्यंत तान्ह्या बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने वापरून मऊ केलेलेच लावायचे, ही या घरची रीत. नव्या कापडाला खळ असते, अहंकार असतो. जुन्याला दोन्ही उरत नाही. श्यामलाबाईंनी कपाट उघडले, नवऱ्याची सगळी धोतरे हाताने चाचपली आणि मला बाहेर काढले.

“अगं, हे मी अजून चार वर्षं नेसलो असतो!” सूर्यकांतराव म्हणाले.

“आता तुमची नात नेसेल. तुमच्यापेक्षा नीट.”

कात्री चालली. एका धोतराचे आम्ही पुष्कळ लंगोट झालो.

आमचे काम सोपे होते. भिजायचे, धुतले जायचे, वाळायचे आणि पुन्हा भिजायला हजर व्हायचे. कचेरीतला माझा अनुभव इथे फार उपयोगी पडला. मुलीचे नाव हर्षिता ठेवले, पण घरात सगळे तिला ‘पुट्टी’ म्हणत, म्हणजे कन्नडात छोटी. पुट्टी कामात अतिशय नियमित होती. धुणेवाली बाई लंगोटांना हात लावणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली होती. त्यामुळे श्यामलाबाई पहाटे नळाला पाणी आले की मागच्या अंगणातल्या दगडावर आम्हाला धुवायच्या, कढत पाण्यातून काढायच्या आणि गच्चीवर ओळीने वाळत घालायच्या. शेजारच्या गच्चीवरून नरसिंहराव म्हणायचे, “अक्का, काय पांढरेशुभ्र आहेत हो!” अशी स्तुती मला धोतर असताना कधी लाभली नव्हती.

मग सूर्यकांतरावांचा पुतण्या अभिराज अमेरिकेहून आला आणि पुट्टीसाठी एक भले मोठे पाकीट घेऊन आला. त्यावर एक गोरे बाळ हसत होते. आत कागदी लंगोट होते, चिकटपट्टीचे.

“काकू, हे एकदा वापरायचं आणि फेकायचं.”

“फेकायचं? वस्तू धडधाकट असताना?”

श्यामलाबाईंनी त्याचे बोलणे ऐकून घेतले, एक कागदी लंगोट पुट्टीला घातला, ओला झाल्यावर काढला आणि साबण लावून धुतला. तो फुगला. मग आणखी फुगला. शेवटी फुटला आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखे काहीतरी दगडभर पसरले.

“अय्यो! खीर भरलीय गे याच्या पोटात!”

आम्ही दोरीवर होतो. आम्ही हसलो नाही. एवढी वर्षे कचेरीत काढली होती.

पण मित्रांनो, खोटे कशाला बोलू? तो कागदी लंगोट घातला की पुट्टी कोरडी राही आणि रात्रभर झोपे. मी घातलेला असलो की ती गारठून उठे आणि घराला उठवी. हे माझ्या मनाला लागे, पण खरे होते. दुसरीकडे, तो घालून फार वेळ राहिली की तिच्या मांड्यांवर लाल पुरळ उठे. तेही खरे होते. शिवाय वापरलेला टाकायचा कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. गल्लीच्या कोपऱ्यावर टाकला की कुत्री तो ओढून थेट नरसिंहरावांच्या रांगोळीवर आणून ठेवत.

घरात दोन पक्ष पडले. आसावरी पुण्याची. लग्नानंतर ती आणि तिचा नवरा तनय मारतहळ्ळीला वेगळे राहत होते. पुण्यात तिच्या आईचे ऑपरेशन झालेले, म्हणून बाळंतपणाला ती चामराजपेटेत आली होती. आता तिची रजा संपत आली होती. सोमवारी हजर झाली नाही तर तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याला देणार, असे ऑफिसने कळवले होते. त्या प्रोजेक्टसाठी ती पोट सांभाळत रोज दोन बस बदलून गेली होती.

“आई, मी ऑफिसला गेल्यावर पुट्टीला सांभाळून एवढं धुणं कोण करणार? पाकिटातले वापरू या ना.”

“मी आहे की. आणि कागदात गुंडाळून ठेवायला पुट्टी काय हॉटेलातला बोंडा आहे?”

तनय इंजिनियर. त्याने दोन्ही बाजू बरोबर असल्याचे सांगितले आणि तो ऑफिसला निघून गेला.

त्या आठवड्यात ऊन पडले नाही. बेंगळूरची ती बारीक भुरभुर तुम्हाला माहीत असेल. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावे तर काही वाळत नाही. आम्ही गच्चीवरच्या पत्र्याखाली लोंबत होतो. शनिवारी सकाळी आसावरी आम्हाला बघायला वर आली. श्यामलाबाई पुट्टीला मांडीवर घेऊन खाली अंगणात होत्या. त्यांनी मान वर करून विचारले,

“ओद्दे? ओद्दे?”

कन्नडात ओद्दे म्हणजे ओले. सासूबाई विचारत होत्या, लंगोट अजून ओले आहेत का. पुण्याच्या कानाला ऐकू आले, ‘ओढ, दे! ओढ, दे!’ आसावरी आज्ञाधारक. तिने दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. भिंतीतला खिळा गिलाव्यासकट निघाला, आणि आम्ही सगळेच्या सगळे कुंड्यांच्या चिखलात पडलो.

“अगं, हे काय केलंस?” श्यामलाबाई पुट्टीला सूर्यकांतरावांच्या मांडीवर देऊन धावत वर आल्या.

“तुम्हीच म्हणालात ना, ओढ, दे!”

“ओद्दे गे, ओद्दे! ओलं!”

“मग ओलं म्हणा ना, आई!”

“आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओद्देच म्हणतात. आजपर्यंत कुणी दोरी ओढली नाही!”

दोघी पोट धरून हसल्या. हसत हसत आम्हाला गोळा करून दगडापाशी आणले. आसावरी साबण लावू लागली, श्यामलाबाई पिळू लागल्या. मला त्यांनी पिळले आणि माझ्यातून पाणी निथळतच राहिले. त्या हातांतला जोर कमी झाल्याचे मला बऱ्याच दिवसांपासून कळत होते, पण लंगोटाला कोण विचारतो? आसावरीने ते गळणारे पाणी पाहिले. मग सासूबाईंचे मनगट धरले. त्या कळवळल्या. मनगट सुजून टम्म झाले होते.

“कधीपासून दुखतंय हे?”

“स्वल्प दुखतं. स्वल्पच.”

आसावरीने त्यांच्या हातून मला काढून घेतले. मग म्हणाली, “मी सोमवारी जात नाही. कळवून टाकते.”

“खुळी का तू? ते पाकीट वापरू. कागदीच बरे.”

“नको. पुट्टीला पुरळ येतं. कापडाचेच बरे.”

“पुरळ काय, खोबरेल लावलं की जातं!”

“तुम्हीच म्हणालात, ती काय बोंडा आहे?”

गंमत पाहा. सकाळपर्यंत जी कागदाची होती ती कापडाची झाली, आणि जी कापडाची होती ती कागदाची. दोघी एकमेकींची बाजू तावातावाने मांडत होत्या, दोघींचेही डोळे भरले होते, आणि आम्ही दगडावर तसेच पडून होतो.

ओसरीवर सूर्यकांतराव नातीला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. निदान समोर धरून होते. त्यांनी घडी घातली, पुट्टीला तिच्या आईकडे दिले, नेसते धोतर गुडघ्यावर खोचले आणि दगडापाशी येऊन उकिडवे बसले. त्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता.

“अहो, तुम्ही काय करताय?” श्यामलाबाईंचा आवाज चिरकला.

“माझं धोतर आहे. मी धुतो. कुणाला हरकत?”

शेजारून नरसिंहराव डोकावले. हे दृश्य गल्लीत पोचवल्याशिवाय त्यांना जेवण गेले नसते. “काय सूर्यकांतराव, लंगोट धुताय?”

“लंगोट कुठले? धोतर आहे. तुकड्या-तुकड्यानं धुतोय.”

त्यांनी मला इतका साबण लावला की दोन पाण्यांतही फेस जाईना. पिळले मात्र असे, की माझे धागे करकरले. मला वाईट वाटले नाही. आपल्याला जो वर्षानुवर्षे नेसत आला, त्यानेच शेवटी धुतले, असे भाग्य किती धोतरांच्या वाट्याला येते?

सोमवारी आसावरी ऑफिसला गेली. दिवसा घरात आम्ही, प्रवासाला, लग्नाकार्याला आणि भुरभुरीच्या रात्री पाकिटातले, असे ठरले. भिंतीत नवा खिळा बसला. गल्ली महिनाभर हसली, मग नरसिंहरावच एके दिवशी हळूच विचारून गेले, “साबण कुठला वापरता?”

पुट्टी मोठी झाली, आमची गरज सरली. माझे बहुतेक भाऊ फरशी पुसून झिजून गेले. मी ट्रंकेच्या तळाशी राहिलो. आता वाटले होते, संपले. पण परवा अमेरिकेहून अभिराजचा फोन आला. त्याला बाळ होणार आहे. बायको म्हणते, पहिले दिवस जुन्या कापडातच काढायचे, आणि त्यांच्या घरात सगळे नवे कोरे, जुने काही नाहीच. तनय सन दोन हजार उजाडायच्या आत कॉम्प्युटरांच्या तारखा दुरुस्त करायला पुढच्या आठवड्यात तिकडे निघाला आहे. त्याच्याबरोबर पाठवाल का?

सूर्यकांतरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. “पाठवतो. पण आधी सांग, धुणार कोण?”

“मशीन आहे ना, काका.”

“मशीनचं बटण कोण दाबणार?”

परदेशचा फोन, मिनिटामिनिटाला महाग. तरी सूर्यकांतराव उत्तरासाठी थांबून राहिले.

“मी दाबीन, काका.”

“सरी, बरं. मग पाठवतो.”

तेव्हा मित्रांनो, मी आता तनयच्या बॅगेत बसलो आहे, त्या हसऱ्या गोऱ्या बाळाच्या देशी निघालो आहे. जाता जाता एवढेच मागतो. कागदी घ्यायचा की कापडी, हे तुमचे तुम्ही ठरवा. दोघांचेही गुण आणि दोष मी भोगले आहेत. पण ठरवण्याआधी घरातल्या एका मनगटाला हात लावून बघा. ‘स्वल्प दुखतं’ असे ऐकू आले, तर पुढचे बोलणे थांबवा आणि दगडापाशी जाऊन बसा.