वाडीच्या फोनवर न दिसणारा फोटो

"माझ्या फोनवर तर मस्त दिसतंय!" हे वाक्य मला आणखी एकदा कुणी ऐकवलं ना, तर लॅपटॉप सावित्री नदीत फेकून देईन आणि पापड लाटत बसेन. मी, इरावती, महाडात बसून लोकांच्या वेबसाइट करते, आणि हे वाक्य रोज ऐकते.

या वेळी ते मालोजीकाकांनी ऐकवलं. हे मूळचे कशेडी घाटाखालच्या एका वाडीचे, राहतात लालबागला, आणि वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. वाडीत वाघजाईचं नवं देऊळ झालंय, रविवारी कलशारोहण, म्हणून वेबसाइट. वर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. खाली, मी हौसेने मोठ्या चौकटीत बसवलेला, गावकऱ्यांचा एकच फोटो: मालोजीकाकांचे थोरले भाऊ काशीराम आणि चार माणसं खांद्यावर दगड वाहतायत. देवळाला जागा काशीरामकाकांची, बांधकामावर फुकट राबले तेही तेच. कळस चढवायचा मानही त्यांच्याच घराचा.

वेबसाइट सुरू झाली आणि वाडीत भडका उडाला. तिथल्या फोनवर तो फोटो दिसेचना! वर मुंबईकरांचे हसरे चेहरे, खाली पांढरं फटक. ब्राउझर कशाला येतोय कुणाच्या डोक्यात? मुंबईवाल्यांनी आपल्याला छाटलं, एवढंच वाडीने धरलं. मी कळसाला येणार नाय, असं काशीरामकाकांनी सांगून टाकलं.

"माझ्या फोनवर तर मस्त दिसतंय," मालोजीकाका मला म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "दादा फोन उचलत नाय गो माझा. तो नसला तर कसला कळस? तू जाऊन त्याला दाखव, आम्ही फोटो टाकलाय म्हणून."

महाडात हाताला लागेल तो फोन मी तपासला. सगळ्यांवर फोटो हजर. डोकं पिकलं नुसतं! शेवटी पोलादपूरला गाडी बदलून, वैशाखाच्या उन्हात डोंगराचा चढ चढून वाडीत गेले.

काशीरामकाकांनी फोन पुढे केला. काच तडकलेली, ब्राउझर मागच्या जन्मीचा.

"काका, हा कधी घेतलात?"

"घेतोय कुठला! मालोजीनं नवा घेतला, हा मला दिला. अख्ख्या वाडीत असंच हाय. मुंबईवाले शिमग्याला येतात, जुने फोन ठेवून जातात."

आत्ता माझी ट्यूब पेटली. चौकटीची उंची ठरवायला मी एक नवा नियम लिहिला होता. नवे ब्राउझर तो पाळतात. जुन्यांना तो कळत नाही, आणि न कळलेली ओळ ते मुकाट सोडून देतात, चुकलं म्हणूनही सांगत नाहीत. उंची झाली शून्य, फोटो आतल्या आत गडप. कर्म माझं!

"काका, वाघजाईशप्पथ, कुणी छाटलं नाही तुम्हाला. फोन जुना आहे, म्हणून दिसत नाही."

"म्हणजे मालोजीनं टाकलेला?"

"टाकलेला."

ते घराकडे तोंड करून बायकोला ओरडून म्हणाले, "चंद्रे, ऐकलंस काय गो? टाकलेला हाय त्यानं! चहा ठेव पोरीला." तोंडभर हसले. आता फोन लावतो मालोजीला, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

रेंजसाठी मी काकांना घेऊन देवळाच्या पायरीवर जाऊन बसले आणि जुन्या ब्राउझरलाही कळेल अशा जुन्याच पद्धतीने उंची लिहिली. काकांच्या फोनवर पान पुन्हा उघडलं. फोटो आला! काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, स्वतःला ओळखलं, बाकीच्यांची नावं घेतली. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं.

फोटोवरच खाली एक ओळ होती. मालोजीकाकांनी पाठवलेली, मी डकवलेली. आम्ही वेबसाइटवाले मजकूर वाचतो कुठे, चौकटीत मावला म्हणजे झालं. आता वाचली: "देवळाच्या कामावरील मजूर."

आठवडाभर मुंबईत सगळ्यांनी हे बघितलं आणि मस्त म्हणाले. मेल्यांनो, डोळे होते की बटणं? आणि माझे तरी कुठे होते?

"बाय," काका हळूच म्हणाले, "हा शब्द पण जुन्या फोनमुळंच असा दिसतो काय गो?"

हो म्हणावं असं फार वाटलं. ते माझ्याकडे बघत होते, हो ऐकायलाच बसल्यासारखे.

"नाही काका. हा सगळ्या फोनवर असाच दिसतो."

त्यांनी पान बंद केलं, फोन सदऱ्याच्या खिशात घातला आणि उठले.

"मग मालोजीला सांग. कळस चढवायला मजूर मुंबईसून घेऊन ये म्हणावं."