करडं पाकीट

गोळ्यांच्या करड्या पाकिटाचा कोपरा दातांनी फाडलेला होता... आणि हिरव्याचाही तसाच, त्याच कोपऱ्यात, मध्ये एक चिंचोळी पट्टी न फाटता राहिलेली — म्हणजे फाडणाऱ्याचा पुढचा दात अर्धा तुटका असणार, असं दीपमालाच्या मनात आलं आणि तिने वर पाहिलं. समोर बसलेली कलावती हसली. दात अर्धा तुटका होता.

हिरवं बाईचं, करडं नवऱ्याचं. रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची, हा गुप्तरोगाच्या दवाखान्यातला नियम समुपदेशक दीपमालानेच काढलेला. रजिस्टरात कलावतीची ओळ देखणी होती : अंगावरून जाणं, जळजळ — सात दिवसांत कमी, महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा कमी... चार वेळा. 'जोडीदाराने औषध घेतले' — चारही वेळा होय. रुग्ण इतक्या नेमाने परत येतात म्हणून बैठकीत दीपमालाचं कौतुक झालं होतं. बऱ्या झालेल्या माणसांनी आकडेवारी बिघडते. आता ओटीपोटात दुखत होतं, डॉक्टरांनी पिवळं पाकीट लिहिलं होतं. दुखणं आणखी वर चढलं तर मूल विसरा, असंही बजावलं होतं.

"करड्यातल्या गोळ्या कोणी खाल्ल्या, कलावतीताई?"

"मीनंच." जरासुद्धा न चाचरता. "ते सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून येते, म्हणते मले काय झालं? तीजाले त्यायच्यासाठी उपाशी कोण राह्यते, मीच ना? अन् तुमीच तं म्हणाल्या होत्या दीदी, का त्यायचा कोर्स पुरा करणं माही जबाबदारी हाये."

म्हटलं होतं. प्रशिक्षणात पाठ केलेलं वाक्य, चारही वेळा, त्याच सुरात... दीपमालाला हसू फुटणार होतं — कलावतीच्या बुद्धवंदनेच्या घरात कसला हा इकडचा तीजा, कसला नवऱ्यासाठी उपास — तोच आई आठवली. रेल्वेतल्या बाबांची दारू सुटावी म्हणून आईने चहा सोडला होता. बाबा प्यायचे, डोकं आईचं दुखायचं.

तिने पहिलं 'होय' खोडायला पेन टेकवलं. पण लिहायचं काय? औषध घेतलं होतं. जोडीदारानेच घेतलं होतं — कोणाच्या जोडीदाराने, ते रकान्यात विचारलं नव्हतं.

या वेळी त्यांनी स्वतः यायचं, स्वतः गिळायचं, नाहीतर त्यांचा रोग पुन्हा पुन्हा तुम्हाला लागणार, तुमच्या पोटाचं काही खरं नाही, असं तिने दोनदा सांगितलं. कलावती दोनदा मान डोलावून "हव" म्हणाली. अख्खं रजिस्टर या 'हव'वरच उभं होतं. मग पिवळं पाकीट तळहातावर तोलत कलावतीने हळूच विचारलं,

"हे कोणाच्या वाट्याचं, दीदी?"

तुमच्या, असं म्हणायला दीपमालाने तोंड उघडलं... सोपा, रोजचा शब्द... आणि तो तिला पहिल्यांदाच खोटा वाटला.