पाचापैकी पाच

"नेहमी," जाइलोसी म्हणाला, आणि लायसनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटचा, सातवा प्रश्न होता तो. अनोळखी माणसांना लायसनचं बोलणं कळतं का? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित की कधीच नाही? जाइलोसीनं क्षणभर विचारसुद्धा केला नाही. लायसनचा शेजारी, चर्चमधला मोठा माणूस, दर रविवारी खोटेपणावर तासभर प्रवचन झोडणारा, आणि इथे इस्पितळाच्या बाकावर बसून बिनदिक्कत थापा मारत होता.

"अनोळखी माणसांनासुद्धा?" उत्तरं लिहून घेणाऱ्या तावोंगाबाईंनी पुन्हा विचारलं.

"आमच्या गावात अनोळखी कोण असतो, ताई? आला की पाणी देतो, ओळख झालीच."

लायसनला अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवा हात लुळा पडला, तो त्यानं सोसला. पण जीभही लाकडासारखी झाली. मीठ मागितलं की बायको घोंगडी आणून देई, आणि भर उन्हात ती निमूटपणे पांघरून तो अळणी भाजी गिळत बसे. ऑगस्टमध्ये भाचीचं, तियामिकेचं लग्न ठरवायची बैठक होती. मामानं उठून चार शब्द बोलल्याशिवाय मुलगी दिली जात नाही. हा बोलू शकला नाही तर त्याच्या जागी उभं राहायला चुलतभाऊ आतापासून कोटाला इस्त्री करून बसला होता.

तावोंगाबाई वाचा-उपचार करायच्या. राजधानी लिलाँग्वेहून महिन्यातून एका गुरुवारी यायच्या, आणि त्यांच्याकडे एकच जागा उरली होती. ज्याचं बोलणं लोकांना कळत नाही त्यालाच ती मिळणार, आणि ते ठरणार या कागदावर. प्रत्येकाला बाजूला नेऊन विचारायचं, असा खरं तर नियम होता. पण लायसनच्या बायकोनंच खोडा घातला. "माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायला आम्ही काय चोर आहोत?" मग काय, तिघांनाही त्याच्यासमोरच बसवलं. पिकल्या केसांच्या माणसाच्या तोंडावर 'तुमचं कळत नाही' म्हणायची कुणाची छाती होणार? बायको सातही वेळा म्हणाली, नेहमी. भाची म्हणाली, नेहमी.

'नेहमी'ला पाच गुण होते; बाईंनी सरासरी काढली. "पाचापैकी पाच! छानच आहे की, बाबा. मग ही जागा मी दुसऱ्या कुणाला तरी देते."

"खोटं बोलतायत सगळे!" लायसन ओरडला. बाहेर पडला तो नुसता घोगरा घरघराट.

बाई ओशाळल्या. "माफ करा, बाबा. मी उत्तरेकडची, आम्ही घरी तुंबुका बोलतो. तुमची चिचेवा भाषा माझी कच्ची आहे, म्हणून मला समजलं नसेल."

लायसननं डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं. अख्ख्या खोलीत एकटी ही बाई खरं बोलत होती, आणि तिनंही दोष स्वतःच्या कानांना दिला!

बाई कागद घडी करू लागल्या. लायसननं तो काठीनं टेबलावर दाबून धरला. मग तो जाइलोसीकडे वळला आणि जीव खाऊन म्हणाला, "जाइलोसी, माझी शेळी तुझा भोपळ्याचा मळा खाऊन आलीय. एक वेल ठेवला नाही."

"आमेन, दादा," जाइलोसी भक्तिभावानं म्हणाला. "सगळी देवाची कृपा."

बायकोला तो म्हणाला, "तुझ्या आईला उद्यापासून घरातून हाकलून दे."

"हो हो, म्फात्सोचे बाबा. घरी गेलं की लगेच."

दोघांकडे निरखून बघत बाईंनी पेन पुन्हा उचललं होतं. लायसनला मात्र आता थांबवेना. तो तियामिकेकडे वळला. हिला त्यानं खांद्यावर बसवून मेळ्यांना नेलं होतं. "बाळ," तो सावकाश म्हणाला, "तुझ्या बैठकीत माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी बोलावं, असं वाटतं का तुला?"

तियामिके गोड हसली. "हो मामा. अगदी तसंच करू."

लायसनचा चेहरा पडला. तो खाली बघत राहिला, आणि काठी त्याच्या हातातून सुटली.

"काय विचारलं त्यांनी तुला?" बाईंचा आवाज आता मऊ नव्हता.

तियामिकेनं मामाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं हसू विरलं. "मला... मला माहीत नाही."

"मग मी काय लिहू?"

"अगं, गप्प बस!" लायसनची बायको कुजबुजली.

तियामिके बाकावरून उतरली, मामासमोर गुडघे टेकून बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मामा, माफ करा. कधीच नाही. आठ महिने झाले, कधीच नाही कळलं."

सकाळपासून हेच ऐकायला लायसन आसुसला होता. ऐकलं, तेव्हा काळजात चर्र झालं. मेलो असतो तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं. बाईंनी तिघांची जुनी उत्तरं आडवी रेघ मारून खोडली आणि उरलेल्या जागेवर त्याचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यातला गुरुवार.

लायसननं डावा हात भाचीच्या डोक्यावर ठेवला आणि काहीतरी बोलला. जाइलोसी सवयीनं "आमेन" म्हणाला. बायकोनं मान हलवली.

तियामिकेनं वर पाहिलं. "नाही कळलं, मामा. काय म्हणालात?"

आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं ओठ पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.