न मिटणाऱ्या दरवाजाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना, वाकडा दरवाजा आहे. माझ्या वाकडेपणाचा मला फार अभिमान आहे! हसू नका, आधी ऐका.

मला सुतारमावशीनं घडवलं. एका नव्या दवाखान्याच्या सगळ्या दरवाजांचं काम तिच्याकडे होतं. लाकडाच्या वखारवाल्यानं तिला करारात लिहून दिलं होतं, 'दरवाजांसाठी पूर्ण वाळलेलं लाकूड देईन.' मावशीनं मन लावून रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या. डॉक्टरांनी माझ्यावरून हात फिरवला. "वा! काय गुळगुळीत झालाय!" मी फुलून गेलो.

पण लाकूड आतून ओलं होतं. ते वाळत गेलं तसा मला पीळ पडला, माझ्या भावंडांनाही. मग कसलं कौतुक! आम्हाला उतरवून कोपऱ्यात उभं केलं. मावशीचा थोरला भाऊ तर चिडून म्हणाला, "फोडून टाक एकेकाला!" मावशीनं मात्र मला चौकटीसकट जपलं.

सगळे दरवाजे पदरमोड करून पुन्हा करायचे, तर तिच्या कारखान्याला कुलूपच लागलं असतं. ती न्यायालयात गेली. सोबत मीही, हातगाडीवरून!

वखारवाल्यानं चूक मान्य केली. पण त्याचे वकील म्हणाले, "लाकडाचे पैसे परत घ्या. त्यापुढच्या नुकसानीबद्दल करारात अक्षर नाही. कागदाबाहेरचा पुरावा बघायचाच नाही."

"आणि माझी मेहनत? ती गेली पाण्यात?" मावशी म्हणाली.

भाऊ मध्येच उठला. "बाईसाहेब, या वखारवाल्यानं तोंडी फुकट पॉलिशही कबूल केलं होतं!"

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "काय ठरलं, ते कागदच सांगेल. त्यात पॉलिश नाही, म्हणून ते मिळणार नाही." मग त्या वकिलांकडे वळल्या. "पण करार मोडल्यावर काय बिघडलं, ते कागद कसा सांगेल? तो तर आधीच लिहिलेला! ते दरवाजालाच विचारू. मिटा बरं त्याला."

वकिलांनी मला खालून दाबलं, मी वरून बाहेर आलो. वरून दाबलं, खालून निघालो. बिचारे घामाघूम झाले.

"जोर लावा साहेब, अशिलालाही घ्या हाताशी!" भाऊ म्हणाला. सगळं न्यायालय हसलं. मित्रांनो, न मिटण्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता!

निकाल लागला. नुसती लाकडाची किंमत नव्हे, तर सगळे दरवाजे नव्यानं करण्याचा खर्च, लाकूड आणि मजुरी दोन्ही, वखारवाल्यानं द्यायचा!

मावशीनं माझ्यावर थाप मारली. "शाब्बास रे माझ्या वाकड्या!"

आज दवाखान्यात नवे दरवाजे अलगद मिटतात आणि मी कारखान्यात दिमाखात उभा आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, लिहून दिलेलं पाळा. चुकून मोडलंच, तर नुसता कागद पुढे करू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, बिघडलेली वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग किती भरून द्यायचं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.