बोटीच्या बुडातला नळ

सोलापूर जिल्ह्याच्या नौकानयनाच्या इतिहासात महिपतीचं नाव अजरामर राहील, यात शंका नाही. त्या इतिहासाला सुरुवात होऊन जेमतेम महिना झाला होता, जिल्ह्यात शिडाची बोट एकच होती, आणि ती या क्षणी उजनी धरणाच्या मधोमध वाफ सोडत उभी होती.

बोट पृथ्वीराजची. चिंचोळी एमआयडीसीत वडिलांचा कारखाना, गोव्याची एक सहल आणि तिथून आणलेली ही जुनी बोट, एवढ्या भांडवलावर त्याने जलपर्यटन काढलं होतं. शीड उभारता येणारा माणूस गोव्यातच राहिला. त्यामुळे शीड शोभेला आणि काम डिझेल इंजिनाला. इंजिनावर महिपती. सांगोल्याकडचा, उभा जन्म विहिरींवरची पंपाची इंजिनं दुरुस्त करून आता साठी ओलांडलेला. रविवारी आमदार बापूसाहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं. तोवर इंजिन तापायचं थांबलं नाही तर गोव्याहून मिस्त्री येणार होता आणि महिपती जाणार होता पुण्याला, मुलाच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे दिवसभर करायला काय असतं, हे तो दिवाळीत पाहून आला होता. काहीच नसतं.

रचना सोपी होती. बोटीच्या बुडातल्या नळातून धरणाचं पाणी आत यायचं, इंजिन थंड करायचं आणि धुरासकट मागच्या पाइपातून बाहेर पडायचं. पाणी आत कुठेतरी अडतंय, हे दोघांनाही मान्य होतं. इंजिन निवल्यावर पृथ्वीराज मोबाईलवरचा व्हिडिओ बघून सांगायला लागला आणि महिपती खोलायला. गाळणीत जलपर्णीची मुळं नव्हती. पंपातल्या रबरी चक्राची पाती शाबूत होती. पट्टा ताठ होता. तापल्यावर पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला. तोही वेळेवर उघडला. म्हणजे जो तो आपलं काम चोख करत होता आणि बोट तेवढी बंद होती. जिल्ह्यातल्या बऱ्याच योजनांचं असंच असतं.

शेवटी पृथ्वीराजने स्वतः खाली वाकून फळी उचलली आणि बराच वेळ तो वर आला नाही.

"काका, बुडातला नळ अर्धा बंद आहे."

"व्हय. मीच केलाय."

"का?"

"मागनं लई पानी वाया जातंय."

पृथ्वीराजने भोवताली पाहिलं. चारी बाजूंनी पाणीच होतं. "काका, आपण धरणात आहोत. धरणातलं घेतो, धरणातच सोडतो. वाया कुठं जातंय?"

"जात नसंल. पर दिसतंय की."

हे गणित पृथ्वीराजला इंजिनिअरिंगला शिकवलेलं नव्हतं. महिपतीने मग त्याला समजावून सांगितलं. सांगोल्याकडच्या इंजिनाला एक बॅरल पाणी हंगामभर पुरायचं. तेच फिरायचं, तेच निवायचं. टँकर आला की आधी माणसं, मग मेंढरं, मग इंजिन. बायको बजाबाई भांडी विसळलेलं पाणीसुद्धा डाळिंबाच्या बुडाशी नेऊन घालायची. आजवर त्याने कुठला नळ पुरता सोडला नव्हता आणि आता म्हातारपणी सोडणार नव्हता.

पृथ्वीराजने सरळ विचारलं, नळ की पुणे. महिपतीने पान्हा पुसला. मग त्याने नळ पूर्ण उघडला. पण वर आला तो बादली घेऊनच, आणि मागच्या कठड्यावरून वाकून त्याने ती पाइपाखाली धरली. भरली की धरणात ओतायची, पुन्हा धरायची. इंजिन तापलं नाही. रविवारी पाहुण्यांसमोर बादली नको, असं पृथ्वीराजने परोपरीने बजावलं. महिपती म्हणाला, नळ तुमचा, बादली माझी.

रविवारी बापूसाहेब आले. सांगोल्याच्या वाड्यावस्त्यांवर नळाचं पाणी नेण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं आणि गेल्या तीन निवडणुका ते हातातच होतं. बोट निघाली. मागे पाणी पडू लागलं तसा महिपती बादली घेऊन वाकला, आणि बापूसाहेबांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"धरा की जरा, सायेब," महिपती म्हणाला.

समोर फोटोग्राफर होते, म्हणून बापूसाहेबांनी धरली. बादली भरत गेली तसा त्यांचा हात खाली यायला लागला.

"अहो, भरली ही. कुठं ओतू?"

"सांगोल्याला."

पृथ्वीराज गुंडाळलेल्या शिडाकडे एकटक बघत होता. बापूसाहेब हसले, कारण ते सगळ्यालाच हसत. पण बादली त्यांनी धरूनच ठेवली, कारण ओतली असती तर सांगोल्याचं पाणी ओतून देतानाचा फोटो निघाला असता. महिपती हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभा राहिला. बोट काठाला लागेपर्यंत त्याने बादली परत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सांगोल्याच्या पाण्यासाठी बापूसाहेब स्वतः बादली घेऊन सरसावले, असं खाली छापलं होतं. महिपती फोटोत नव्हता. बोट मात्र पूर्ण आली होती, त्यामुळे पृथ्वीराजने त्याला कामावर ठेवलं.

मार्चमध्ये धरणाचं पाणी मागे सरलं आणि बोट जमिनीवर राहिली.